नार्नियाचा उपसंहार

दीर्घ कथामालेच्या अखेरच्या ग्रंथास जी परीक्षा द्यावी लागते, ती तिच्या पहिल्या ग्रंथास कधीच द्यावी लागत नाही. पहिला ग्रंथ अनोळखी पाहुण्यासारखा घरात येतो; त्याने चार गोष्टी बऱ्या सांगितल्या की यजमान संतुष्ट होतो. अखेरचा ग्रंथ येतो तो हिशेब देण्यासाठी. वाचकाने आपल्या आयुष्यातील काही वर्षे त्याच्या हवाली केलेली असतात, आणि ज्या माणसांशी आपला स्नेह जडला त्यांचे पुढे काय झाले हे विचारण्याचा आपणास अधिकार आहे, असे त्यास वाटत असते. हिशेब चोख मिळाला तरी तो थोडा हळहळतोच, कारण व्यवहार संपला याचेच त्यास दुःख होते. परंतु त्या हिशेबात एखादी रक्कम खरोखरच गहाळ झाली असेल, तर ती हळहळ एका वाचकापुरती राहात नाही. तिचा वाद होतो, आणि तो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

असा एक वाद सी. एस. लुइस याने निर्मिलेल्या नार्निया या कल्पित देशाच्या सात कथांपैकी सातव्या कथेविषयी, म्हणजे १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अखेरची लढाई' या पुस्तकाविषयी, आजतागायत चालू आहे. आम्ही या कथांचे जुने चाहते आहोत. सातवे पुस्तक आम्ही जितक्या वेळा वाचले, तितक्या वेळा एकाच बैठकीत कृतज्ञता आणि रुष्टता या दोन्ही भावना आमच्या मनात उत्पन्न झाल्या. या दोन भावनांचा उगम कोठे आहे, आणि ग्रंथकाराच्या काळाशी व चरित्राशी त्यांचा काय संबंध आहे, याचा शोध घेण्याचा येथे विचार आहे.

लुइसचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडातील बेलफास्ट येथे झाला. तो नऊ वर्षांचा असताना, १९०८ साली, त्याची आई कर्करोगाने वारली. पहिल्या महायुद्धात आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी तो फ्रान्समधील खंदकांत दाखल झाला, आणि १९१८ च्या एप्रिलमध्ये जखमी झाला. १९२५ साली तो ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात अध्यापक झाला व १९५४ साली केंब्रिजला मध्ययुगीन साहित्याच्या अध्यासनावर गेला. तारुण्यात तो निरीश्वरवादी होता; १९३१ साली, पुढे प्रख्यात झालेला कादंबरीकार टोल्किन याच्यासारख्या मित्रांशी पुष्कळ वाद केल्यावर, तो पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळला. हिमाच्छादित अरण्यातून छत्री घेऊन चाललेला अर्धा माणूस व अर्धा बोकड असा एक वनदेव सोळाव्या वर्षापासून त्याच्या मनश्चक्षूंपुढे येत असे. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, आणि बाँबहल्ल्याच्या भीतीने लंडनची मुले खेड्यापाड्यांत पाठविण्यात आली. त्यांपैकी काही लुइसच्या घरीही येऊन राहिली. त्या मुलांच्या सहवासात आणि त्या जुन्या चित्रात नार्नियाचे बीज आहे.

पहिले पुस्तक १९५० साली निघाले आणि त्यानंतर दरसाल एक याप्रमाणे १९५६ पर्यंत सात पुस्तके पुरी झाली. पीटर, सूझन, एडमंड आणि लूसी ही चार भावंडे एका जुन्या कपाटातून नार्नियात जातात. तेथे ॲस्लन नावाचा सिंह, जो ख्रिस्ताचेच प्रतिरूप आहे, चेटकिणीच्या हिवाळ्यातून तो देश मुक्त करतो, आणि चौघे सिंहासनावर बसतात. ही पहिली कथा. पुढील पुस्तकांत त्यांचा आतेभाऊ युस्टेस, त्याची शाळासोबतीण जिल आणि नार्नियाचा जन्म पाहिलेले डिगरी व पॉली यांची भर पडते. यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नार्नियाच्या उत्पत्तीची कथा प्रकाशनाच्या क्रमाने सहावी व विनाशाची सातवी असली, तरी विनाशाची कथा १९५३ च्या मार्चपर्यंत लिहून झाली होती, आणि उत्पत्तीची कथा पूर्ण झाली ती १९५४ साली. म्हणजे ज्या हाताने त्या देशाचा पहिला सूर्योदय पुरा रंगविला, त्या हाताने त्याची रात्र आधीच लिहून ठेवली होती. त्या उत्पत्तिकथेत डिगरीची मरणोन्मुख आई एका फळाने बरी होते. बेलफास्टच्या नऊ वर्षांच्या मुलास जे मिळाले नाही, ते पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने दुसऱ्या एका मुलास दिले, हे ज्यास ठाऊक आहे तो वाचक त्या प्रसंगी सहसा कोरडा राहू शकत नाही.

आता सातव्या पुस्तकाकडे वळू. शिफ्ट नावाचा एक लबाड वानर पझल नावाच्या भोळ्या गाढवास सिंहाचे कातडे पांघरावयास लावतो आणि ॲस्लन परत आला अशी हूल उठवितो. हे गाढव आमच्या वाचकांस अपरिचित नाही. इसापाने त्यास सिंहाचे कातडे दिले, पंचतंत्राने वाघाचे. परंतु त्या दोन्ही ठिकाणी गाढव ओरडते आणि सोंग उघडे पडते. लुइसच्या कथेतील गाढव गप्प राहते, आणि त्याच्या वतीने वानर बोलतो! देवाच्या नावाने झाडे तोडली जातात, बोलती जनावरे वेठीस धरली जातात, शेजारच्या कॅलोर्मेन साम्राज्याचे सैनिक देशात शिरतात. शेवटी ॲस्लन आणि कॅलोर्मेनांची क्रूर देवता टॅश ही एकच, असे सांगून दोहोंचे मिळून एक जोडनावही बनविले जाते. फसवणूक उघडकीस आल्यावर लोक खऱ्या सिंहाकडे वळत नाहीत. कोणत्याच सिंहावर त्यांचा विश्वास राहात नाही. खोट्या देवाने केलेली सर्वांत मोठी हानी म्हणजे खऱ्याविषयीचा संशय, हा सिद्धांत इतक्या सोप्या गोष्टीतून इतक्या निष्ठुरपणे मांडलेला आम्ही अन्यत्र क्वचितच पाहिला आहे.

लढाई हरली जाते. नार्नियाचा अखेरचा राजा टिरियन एका तबेल्याच्या दारातून आत शिरतो, आणि आत तबेला नसून विस्तीर्ण प्रकाशमय प्रदेश असतो. तेथेच काही बुटके गोल करून बसलेले आहेत. त्यांच्याभोवती उजेड आहे, पण आपण अंधाऱ्या तबेल्यात आहोत अशी त्यांची खात्री आहे. पंचपक्वान्ने पुढे ठेवली तरी त्यांच्या जिभेस पेंढ्याचीच चव लागते. एकदा फसलो, पुन्हा फसणार नाही, या निश्चयानेच ते बंदिवान झाले आहेत. मग ॲस्लनच्या आज्ञेने आकाशातील तारे खाली उतरतात, समुद्र देश गिळतो, सूर्य विझतो, आणि पीटर सोन्याच्या किल्लीने ते दार कायमचे बंद करतो. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एका संपूर्ण सृष्टीचा प्रलय इतक्या शांतपणे वर्णन करणे हे सामान्य लेखकाचे काम नव्हे. त्या वर्षीचे कार्नेगी पदक या पुस्तकास मिळाले, ते योग्यच होते.

पुस्तकातील सर्वांत उदार पान मात्र याही पुढचे आहे. एमेथ नावाचा एक तरुण कॅलोर्मेन सैनिक आयुष्यभर निष्ठेने टॅशची भक्ती करीत आला आहे. आपल्या देवाचे दर्शन घेण्याकरिता तो मरणाची पर्वा न करता त्या दारातून आत जातो. आणि तेथे त्यास भेटतो ॲस्लन. तो त्यास दूर लोटीत नाही. टॅश आणि मी एक नव्हे, हे तो स्पष्ट सांगतो. तथापि निष्ठेने केलेली सेवा कोणाच्याही नावे केली तरी ती आपल्याच खाती जमा होते, असे आश्वासन तो देतो. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात अन्य देवतांना श्रद्धेने भजणाऱ्यांविषयी श्रीकृष्णाने जे म्हटले आहे, ते ज्याच्या कानांवर लहानपणापासून पडले आहे, त्या मराठी वाचकास येथे आपल्याच घरची खूण पटल्यासारखे होते. एमेथ या नावाचा हिब्रू भाषेतील अर्थ सत्य, निष्ठा असा आहे. लुइससारख्या कट्टर ख्रिस्ती लेखकाने आपल्या स्वर्गाचे दार येथे इतके रुंद केले, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

आणि येथूनच आमच्या तक्रारीचा आरंभ होतो.

पहिली तक्रार त्या कॅलोर्मेनांविषयीच आहे. सावळा वर्ण, दाढ्या, पागोटी, वक्र तलवारी, गुलामांचा बाजार, रक्तपिपासू देवता असे ते लोक आहेत. हे साहित्य लुइसने अरबी भाषेतील सुरस कथांच्या इंग्रजी रूपांतरांतून व मध्ययुगीन धर्मयुद्धांच्या आठवणींतून उचलले असावे हे उघड आहे. गोऱ्या मुलांबरोबर नार्नियात आनंदाने हिंडणाऱ्या आमच्यासारख्या वाचकास केव्हातरी कळून चुकते, की आपल्या आजोबा-पणजोबांच्या तसबिरींतील पागोटी आणि वर्ण या कथेत शत्रुपक्षाकडे आहेत. पाचव्या पुस्तकातील शूर आरविस आणि सातव्यातील एमेथ या दोघांमुळे हा दोष पुष्कळ सौम्य होतो हे आम्ही मान्य करतो. परंतु अपवादाने नियम झाकला जात नाही. तथापि हा दोष एका व्यक्तीपेक्षा तिच्या काळाचा अधिक आहे. दुसरी तक्रार अधिक खोल आहे, कारण ती लुइसच्या स्वतःच्या नियमानेच त्याच्याविरुद्ध उभी राहते. ती सूझनविषयी आहे.

त्या प्रकाशमय प्रदेशात टिरियनपुढे नार्नियाचे सात जुने मित्र राजवेषात उभे आहेत. तो विचारतो, राणी सूझन कोठे आहे? पीटर थोडक्यात व गंभीरपणे सांगतो की ती आता नार्नियाची मैत्रीण राहिलेली नाही. जिल म्हणते, तिला आता नायलॉनचे मोजे, ओठांचा रंग आणि मेजवान्यांची आमंत्रणे यांवाचून दुसरे काही सुचत नाही. पॉली म्हणते, आज आहे ते वय यावे म्हणून तिने बालपण दवडले, आणि ते वय जाऊ नये म्हणून ती उरलेले आयुष्य दवडील. आणि मग? मग पीटर म्हणतो की ते राहू द्या, येथे फळझाडे किती सुंदर आहेत पाहा. सर्व जण फळांकडे वळतात. इतक्यावर तो विषय संपतो! पुढे नार्नियाचा अंत झाल्यावर लूसी रडते, आणि अशा प्रसंगी शोक न करणे हा उद्धटपणा होईल, असे टिरियन म्हणतो. बुडालेल्या देशासाठी अश्रू आहेत. मागे राहिलेल्या बहिणीसाठी एकही नाही.

ही सूझन कोण, हे पहिल्या पुस्तकाचा वाचक विसरू शकत नाही. ॲस्लन मरणास सामोरा गेला त्या रात्री त्याच्यासोबत चालणाऱ्या दोन मुलींपैकी ती एक होती. त्याच्या मृत देहाजवळ रात्रभर बसणारी, पहाटे तो पुन्हा जिवंत झालेला पाहणारी, त्याच्या पाठीवर बसून दौडणारी. राज्याभिषेकाच्या वेळी ॲस्लनने चौघांस दिलेले अभिवचन असे होते, की एकदा लाभलेले हे राजेपण कधी नष्ट होणार नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी पीटर आणि सूझन या दोघांस तुम्ही आता मोठे झालात, पुन्हा येथे येणे नाही, असे सांगून परत पाठविले गेले. ज्या मुलीस मोठी झालीस म्हणून परत पाठविले, तिने मोठ्या माणसांच्या जगात मन रमविले, तर त्यात तिचा अपराध किती?

येथे इतिहासाची थोडी साक्ष काढणे अवश्य आहे. लुइसने स्वतः तयार केलेल्या कालपटाप्रमाणे सूझनचा जन्म १९२८ सालचा, आणि अखेरच्या कथेचा काळ १९४९ चा. म्हणजे ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. इंग्लंडात कपड्यांवरील नियंत्रण १९४१ च्या जूनमध्ये सुरू झाले आणि १९४९ च्या मार्चमध्ये उठले. सूझनचे तेरा ते एकवीस हे सारे वय कूपनांच्या पुस्तकात आणि ठिगळांत गेले. युद्धकाळात नायलॉन पॅराशूटांच्या कामी लागले होते. त्याच्या मोज्यांची जोडी ही तरुण मुलींना दुर्लभ वस्तू होती. अशा पिढीतील मुलीने मोज्यांचे आणि मेजवान्यांचे कौतुक करणे हा फार तर अल्लडपणा होय. आणि गंमत अशी की पहिल्या पुस्तकात एडमंडने आपल्या भावंडांचा घात केला तोही एका नियंत्रित वस्तूसाठीच. त्याला टर्किश डिलाइट नावाच्या मिठाईचा मोह पडला. आणि ते पुस्तक निघाले तेव्हा इंग्लंडात मिठाई कूपनावर मिळत होती, ते नियंत्रण १९५३ साली उठले. लुइसने त्या मुलाच्या जिभेची भूक ओळखली आणि त्याच्या अपराधास प्राणमोलाची क्षमा दिली. मुलीची हौस मात्र त्यास ओळखता आली नाही. मुलांच्या घरात वाढलेल्या आणि पुरुषांच्या कॉलेजात राहिलेल्या प्राध्यापकाच्या अनुभवाची ही मर्यादा असावी, असे आम्हास वाटते.

याहून भयंकर गोष्ट पुस्तक बोलतच नाही. ही सारी मंडळी त्या प्रदेशात आली, कारण इंग्लंडात एका आगगाडीच्या अपघातात ती मरण पावली. त्याच गाडीत सूझनचे आईवडीलही होते. तेही शेवटी पलीकडच्या डोंगरावर दिसतात. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी लंडनजवळ हॅरो येथे तीन गाड्यांची टक्कर होऊन ११२ माणसे दगावली होती. तेव्हा त्या काळच्या वाचकास अशा प्रसंगाची कल्पना करून घ्यावी लागत नव्हती. आईवडील, दोन भाऊ, एक बहीण आणि आतेभाऊ हे सर्व एका दिवशी गमावून ती एकवीस वर्षांची मुलगी एकटी उरली आहे. ग्रंथकार वाचकास सांगतो की आता खरी सुट्टी सुरू झाली, खऱ्या कथेचा आरंभ झाला. होय, आत असलेल्यांसाठी. बाहेर असलेलीसाठी काय?

आम्हा भारतीय वाचकांस येथे महाप्रस्थानाची आठवण होणे अपरिहार्य आहे. पांडव हिमालयाच्या वाटेने निघाले असता प्रथम द्रौपदी पडली. भीमाने कारण विचारले. युधिष्ठिराने तिचा एक दोष सांगितला आणि मागे न पाहता तो पुढे चालू लागला. पीटरचे उत्तर आणि धर्मराजाचे उत्तर यांत विलक्षण साम्य आहे. परंतु महाभारतकार तेवढ्यावर थांबत नाही. स्वर्गाच्या दारी धर्मराज प्रथम बरोबर आलेल्या कुत्र्यासाठी अडून बसतो; आणि आत गेल्यावर द्रौपदी व भाऊ तेथे नाहीत हे पाहून, जेथे ती माणसे असतील तोच माझा स्वर्ग, अशी भूमिका घेऊन नरकात राहण्यास सिद्ध होतो. तोंडातून गेलेल्या त्या कठोर उत्तराचे परिमार्जन कथेतच होते. नार्नियाच्या स्वर्गात असा हट्ट धरणारा कोणी निघाला नाही. लूसीसारख्या कोमल मुलीने तरी तो धरावयास हवा होता.

लुइसच्या बाजूने जे म्हणता येईल तेही सांगितले पाहिजे. १९५२ सालच्या, मुलांसाठी लिहिण्याविषयीच्या एका प्रसिद्ध व्याख्यानात त्याने असे प्रतिपादन केले, की पोरकटपणाची भीती आणि मोठे दिसण्याची हाव हीच खरी पोरकटपणाची लक्षणे होत. त्या दृष्टीने सूझनचा दोष प्रौढ होणे हा नसून, आपणच पाहिलेल्या सत्यास बालपणीचा खेळ म्हणून हसणे हा आहे. आणि पुस्तकात तिचे तसे हसणे नमूदही आहे. तिला कोणी हाकलले नाही, ती केवळ मेली नाही, हाही मुद्दा खरा आहे. १९५७ साली एका मुलास पाठविलेल्या पत्रात लुइसने लिहिले की सूझन जिवंत आहे, सुधारण्यास तिला पुष्कळ अवकाश आहे, आणि कदाचित ती आपल्या वाटेने ॲस्लनच्या देशी पोहोचेलही. १९६० च्या फेब्रुवारीत दुसऱ्या एका पत्रात त्याने आणखी पुढचे सांगितले: तिच्या प्रवासाची कथा अधिक लांब आणि प्रौढांच्या कादंबरीसारखी होईल, ती आपल्याच्याने लिहवणार नाही, पत्रलेखिकेनेच ती लिहून पाहावी. ग्रंथकाराने आपल्या हिशेबातील बाकी मान्य केल्याचे हे पत्र आहे, असे आम्ही समजतो.

ते आवाहन व्यर्थ गेले नाही. १९९८ साली फिलिप पुलमन याने 'गार्डियन' पत्रात लुइसवर कडक टीका केली. तरुण स्त्रीचे मोठे होणेच या लेखकास खपत नाही, असा तिचा रोख होता. २००४ साली नील गेमन याने सूझनच्या प्रश्नावरच एक गोष्ट लिहिली. तिची नायिका आगगाडीच्या अपघातात सारे कुटुंब गमावलेली एक वृद्ध प्राध्यापिका आहे. या लेखकांशी आमचे सर्वस्वी मतैक्य नाही. पुलमनच्या रागात न्याय कमी व आवेश अधिक आहे. पण ज्या पुस्तकावर अर्ध्या शतकानंतर राग यावा, ते पुस्तक मेलेले नाही हे निश्चित.

मात्र सूझनच्या कथेचे सर्वांत मार्मिक पान लुइसनेच, तिचे नावही न घेता, लिहिले असे आमचे मत आहे. १९५६ च्या एप्रिलमध्ये त्याने जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'अखेरची लढाई' प्रसिद्ध झाली, आणि ऑक्टोबरमध्ये जॉयच्या हाडांत कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. १३ जुलै १९६० रोजी ती वारली. पुढल्या वर्षी लुइसने टोपणनावाने आपल्या शोकाची टिपणे छापली. त्यांत तो सांगतो की सुखात असताना देवाकडे जावे तर स्वागत होते. पण सारे आधार तुटल्यावर जावे तर दार तोंडावर बंद होते आणि आतून कड्या लागल्याचा आवाज येतो. ज्या माणसाने चार वर्षांपूर्वी आतल्या बाजूने ते दार पीटरकडून बंद करविले होते, तोच आता बाहेर उभा होता. फळझाडे पाहा, असे त्यास कोणी म्हटले असते तर त्यास ते सहन झाले असते काय? त्याच टिपणांच्या अखेरीकडे त्यास त्या मौनाचा अर्थ निराळा वाटू लागतो. ते बंद दार नसून कोणीतरी करुणेने, न बोलता, पाहात आहे असे त्यास जाणवते. श्रद्धा त्याने सोडली नाही, पण ती आता परीक्षेतून गेलेली होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी तो वारला.

तेव्हा या सातव्या पुस्तकाविषयी आमचा अभिप्राय काय? एमेथसाठी ज्याने दार रुंद केले त्यानेच सूझनसाठी ते अरुंद केले, ही त्यातील विसंगती आम्ही नाकारीत नाही, आणि कलाकृतीचा डौल म्हणून तिचे मंडनही करीत नाही. परंतु ही विसंगती आम्हास खुपते, याचे कारण पहिल्या सहा पुस्तकांनीच आम्हास क्षमेचे माप शिकविले. लुइसने दिलेल्या मापानेच आम्ही लुइसला मोजतो. जो लेखक आपल्या वाचकास स्वतःच्या विरुद्ध न्याय करण्याइतके शहाणे करून सोडतो, त्याचे उपकार तक्रारीनंतरही शिल्लक राहतात. आणि एक गोष्ट तक्रारीच्या भरात आम्ही विसरून जातो. नार्निया पाहिलेल्या आठ इंग्रज मित्रांपैकी सात जण त्या आगगाडीबरोबर या जगातून गेले. कपाटातील ते हिम, तो वनदेव आणि त्या पहाटेचा सिंह ज्यास आठवू शकेल असे मनुष्य आता या बाजूस एकच उरले आहे, आणि ते म्हणजे सूझन.